कथन, तक्ता आणि कोरी जागा : डेटाबेसच्या इतिहासाचे एक वाचन

१

साहित्यसिद्धान्ताच्या चर्चेत ‘डेटाबेस’ ही संज्ञा आता परकी राहिलेली नाही. लेव मानोविच यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधात, आणि पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लँग्वेज ऑफ न्यू मीडिया’ या ग्रंथात, कादंबरी आणि चित्रपट यांनी आधुनिक युगाला कथनाचे रूप दिले तसे संगणकयुगाने आपल्या अभिव्यक्तीसाठी डेटाबेसचे रूप स्वीकारले आहे, असे प्रतिपादन केले. कथन आणि डेटाबेस यांना त्यांनी परस्परांचे स्वाभाविक वैरी ठरवले. सोस्यूरप्रणीत परिभाषेत त्यांचा युक्तिवाद असा : वाक्यात प्रत्यक्ष शेजारी येणाऱ्या घटकांचा रचनाक्रम आणि त्या-त्या जागी येऊ शकणाऱ्या पर्यायांचा गणक्रम, यांपैकी कथनात रचनाक्रम व्यक्त असतो आणि गणक्रम अव्यक्त, डेटाबेसमध्ये हे नाते उलटे होते. २००७ साली ‘पीएमएलए’ या नियतकालिकाने एड फॉल्सम यांचा वॉल्ट व्हिटमन संग्रहावरील लेख मध्यभागी ठेवून या विषयावर चर्चा घडवून आणली. तीत कॅथरिन हेल्स यांनी वैराची कल्पना नाकारून ही दोन रूपे परस्परांच्या आधारावर जगतात असे मांडले. तर जेरोम मॅगन यांनी मुळातच हरकत घेतली. ज्या संग्रहाबद्दल आपण बोलत आहोत तो खूणचिठ्ठ्या लावलेल्या संहितांचा संच आहे, काटेकोर अर्थाने तो डेटाबेस नव्हेच, असे त्यांचे म्हणणे.

मॅगन यांचा आक्षेप तांत्रिक वाटतो म्हणून बाजूला सारला जाण्याची शक्यता अधिक. प्रस्तुत लेखकाला मात्र तोच कळीचा वाटतो. समीक्षकांनी ‘डेटाबेस’ हा शब्द कोणत्याही मोठ्या संग्रहाला लावला, आणि असे करताना त्या शब्दामागचा इतिहास हातचा सोडला. तो इतिहास पाहिला तर असे दिसते, की मानोविच ज्याला कथन आणि डेटाबेस यांच्यातील द्वंद्व म्हणतात ते डेटाबेसच्या घरातच, साधारणतः १९६३ ते १९७४ या काळात, लढले गेले होते. वाचकाने वाट चालत जावे की वाक्य उच्चारावे, हा त्या वादाचा गाभा होता. त्यात वाक्याचा पक्ष जिंकला. या विजयाबरोबर एक विशिष्ट प्रकारची कोरी जागाही आली, आणि अनाम रचनांनी भरलेल्या आपल्या वाङ्मयाला तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

२

साठवणीचा प्रश्न मुळात क्रमाचा प्रश्न आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे पंधराशे ग्रंथांतून उतरवून घेतलेल्या तेथील चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. चिठ्ठ्या शब्दानुक्रमे लावल्या की एका शब्दाचा शतकाशतकांतला प्रवास सलग वाचता येतो. पण एखाद्या ग्रंथातील सारे शब्द एकत्र पाहावयाचे म्हटले, तर त्याच चिठ्ठ्या ग्रंथानुक्रमे लावलेल्या हव्यात. वस्तू एक, तिची जागा एक, म्हणून क्रमही एकच. दुसरा क्रम हवा असल्यास दुसरी प्रत करावी लागते, किंवा ‘अमुक पाहा’ असा निर्देश देऊन वाचकाला एका खणातून दुसऱ्या खणाकडे पाठवावे लागते. कागद, ताडपत्र, शिलालेख, सर्वांना हा नियम लागू आहे.

संगणकाची आरंभीची साठवण या बाबतीत कागदाहूनही दुबळी होती. चुंबकीय फितीवर लिहिलेली नोंद वाचावयाची तर तिच्या आधीची सारी फीत पुढे सरकवावी लागे. पोथीचे पान मधूनच उघडता तरी येते. फितीला ती सोय नाही. १९५६ साली आयबीएम या कंपनीने ‘रॅमॅक’ हे यंत्र बाजारात आणले. फिरत्या पन्नास तबकड्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरचिन्हे मावत आणि वाचनशीर्ष हव्या त्या तबकडीवरील हव्या त्या जागी नेता येई. आजच्या मानाने ही क्षमता हास्यास्पद आहे, पण संकल्पनेच्या पातळीवर घडलेली गोष्ट मोठी होती : नोंदीला पत्ता मिळाला. आणि एका नोंदीत दुसऱ्या नोंदीचा पत्ता लिहून ठेवता येऊ लागला.

या पत्त्यांचे काय करावयाचे, याची दोन उत्तरे १९६० च्या दशकात पुढे आली. पहिले वृक्षाचे. चंद्रावर माणूस उतरवण्याच्या अपोलो योजनेत यानाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवणे हे स्वतंत्रच संकट होऊन बसले होते. नॉर्थ अमेरिकन रॉकवेल या कंपनीसाठी आयबीएमने १९६६ पासून जी प्रणाली रचली, आणि १९६८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे जी प्रथम कार्यान्वित झाली, ती पुढे ‘आयएमएस’ या नावाने प्रसिद्धीस आली. तीत माहिती शाखोपशाखांनी रचलेली असे. यान, त्याचा विभाग, विभागातील जोडणी, जोडणीतील भाग, अशी उतरंड. प्रत्येक नोंदीला एकच पालक. यानापासून खिळ्याकडे जाणे सोपे. पण हा खिळा आणखी कोठकोठे वापरला आहे, असे विचारले की वृक्ष अडखळतो. वंशावळीत ज्याला दोन घरे आहेत त्याचे काय करावयाचे, असा हा पेच आहे; दत्तकविधान ज्या समाजात रूढ होते त्याला तो नवा वाटू नये.

दुसरे उत्तर जाळ्याचे. ते चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत १९६३-६४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ने दिले. येथे एक नोंद अनेक साखळ्यांची सदस्य होऊ शकते. ग्राहकाच्या साखळीत त्याच्या मागण्या, वस्तूच्या साखळीतही त्याच मागण्या. कोणत्याही कडीवर उभे राहून पुढची, मागची किंवा साखळीच्या धन्याची नोंद गाठता येते. १९७३ साली बाकमन यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळी दिलेल्या व्याख्यानाला त्यांनी दिलेले शीर्षक आपल्या दृष्टीने फार बोलके आहे : प्रोग्रॅमर हा नावाडी, दिशा काढणारा. पृथ्वीभोवती सूर्य फिरतो असे मानणाऱ्या जुन्या खगोलशास्त्राप्रमाणे संगणकाला मध्यवर्ती मानून माहिती त्याच्यासमोरून वाहत नेली जात होती. आता माहिती स्थिर आहे आणि प्रोग्रॅमर तिच्यातून प्रवास करतो आहे, अशी कोपर्निकसची उपमा त्यांनी योजली.

ही प्रतिमा नुसती अलंकारिक नव्हती. बाकमन यांच्या प्रणालीत प्रश्न विचारणे म्हणजे खरोखरच एक कथन लिहिणे होते. आधी या ग्राहकापाशी जा. त्याची पहिली मागणी घे. ती जुनी असेल तर पुढच्या कडीवर जा. हवी ती सापडली की तिच्या वस्तूकडे वळ. परतीची खूण लक्षात ठेव. कड्या संपेपर्यंत हेच कर. येथे काळ आहे, ‘आधी’ आणि ‘नंतर’ आहेत, एक ‘वर्तमान स्थान’ आहे (ही संज्ञा तर त्या परिभाषेतलीच आहे), आणि वाट चुकण्याचा धोका आहे. निवेदनमीमांसेला लागणारे बहुतेक सारे येथे उपस्थित आहे. ज्याला डेटाबेस म्हणून कथनाचा वैरी ठरवण्यात आले, त्याचे हे प्रौढ रूप कथनावरच उभे होते, ही गोष्ट सिद्धान्तकारांच्या नजरेतून निसटली.

३

एडगर कॉड हे १९२३ साली इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात जन्मले. ऑक्सफर्डला गणिताचे शिक्षण, युद्धकाळात हवाईदलात नोकरी, आणि १९४९ पासून आयबीएम. त्यांची मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट स्वतःची प्रत निर्माण करणाऱ्या गणिती यंत्रांवर आहे. म्हणजे व्यापारी हिशेबांच्या दुनियेत ते तर्कशास्त्राच्या दाराने आले. जून १९७० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध अवघ्या दहा-अकरा पानांचा आहे. त्याचे आरंभीचे मागणे साधे दिसते : माहिती यंत्रात कशी रचली आहे हे ठाऊक असण्याच्या सक्तीतून वापरणाऱ्याची सुटका झाली पाहिजे.

हे का आवश्यक आहे ते त्यांनी एका लहान उदाहरणाने दाखवले. सुटे भाग आणि प्रकल्प, आणि कोणता भाग कोणत्या प्रकल्पासाठी राखला आहे ही माहिती, एवढाच मजकूर आहे. तो वृक्षांच्या आणि साखळ्यांच्या भाषेत पाच वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो : प्रकल्प भागांच्या पोटात, भाग प्रकल्पांच्या पोटात, दोन्ही समान पातळीवर आणि राखणीची नोंद यापैकी एकाच्या पोटात, किंवा तिन्ही समान पातळीवर. आशय पाचही ठिकाणी तोच. पण एका रचनेसाठी लिहिलेला प्रवास दुसऱ्या रचनेत निरुपयोगी ठरतो. साठवणीचा क्रम बदलला की प्रश्नच मोडून पडतो. याचा अर्थ असा, की प्रश्नाने आशयाला नव्हे तर साठवणीला हात घातला होता.

कॉड यांनी योजलेला उपाय गणिती आहे, पण त्याचे स्वरूप व्याकरणाचे आहे. एक रिकाम्या जागांचे वाक्य घ्यावे : ‘— हा भाग — प्रकल्पासाठी — नग राखला आहे.’ या जागा म्हणजे तक्त्याचे स्तंभ. प्रत्येक ओळ म्हणजे त्या जागा भरून तयार झालेले एक सत्य विधान. ओळींना क्रम नाही, कारण सत्य विधानांच्या समुच्चयाला क्रम नसतो. तेच विधान दोनदा करता येत नाही, कारण दोनदा केल्याने ते अधिक सत्य होत नाही. एका ओळीकडून दुसरीकडे नेणारा पत्ता कोठेही नाही. दोन तक्त्यांचे नाते जुळते ते दोहोंत आलेल्या समान नावामुळे. समुच्चयसिद्धान्तात अशा संचाला ‘संबंध’ म्हणतात, आणि त्यावरून या प्रारूपाला ‘रिलेशनल’ हे नाव पडले. तक्त्यांचे आपापसातले नाते म्हणजे ‘रिलेशन’ अशी जी समजूत आपल्याकडील संगणकाच्या क्रमिक पुस्तकांतूनही आढळते ती चुकीची आहे. तक्ता स्वतःच संबंध आहे.

मानोविच यांच्या मांडणीकडे येथून पाहिले तर ती कोठे डळमळते ते कळते. रिलेशनल तक्ता हा निव्वळ वस्तूंचा ढीग नाही; तो विधानांचा संच आहे. त्यात रचनाक्रम वाक्याच्या पोटात शाबूत आहे; नाहीसा झाला आहे तो वाक्यावाक्यांमधला क्रम. कथनातून काळ वजा केला तर जे उरेल त्याला ‘वृत्त’ म्हणता येईल, आणि कॉड यांचा तक्ता वृत्तांचा आहे. कथनाचा वैरी म्हणण्यापेक्षा कथनाने अजून हाती न घेतलेले वाक्य असे त्याचे वर्णन अधिक नेमके होईल.

मे १९७४ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे भरलेल्या परिसंवादात बाकमन आणि कॉड समोरासमोर आले. बाकमन यांच्या पक्षाचे म्हणणे व्यवहाराचे होते. साखळ्यांचे जाळे प्रत्यक्ष चालत होते. तक्त्यांची कल्पना सुंदर असली तरी लाखो ओळींतून उत्तर काढण्यास यंत्राला किती वेळ लागेल हे कोणीच दाखवले नव्हते. कॉड यांचा पक्ष असा, की नावाड्यांची गरज असलेली माहिती नावाड्यांच्याच ताब्यात राहते. या वादाला सत्तेचे अंग आहे. संहितेचा अर्थ लावण्यासाठी पुरोहित हवा की नको, असा तो मूलतः आहे, आणि आपल्या परंपरेत या प्रश्नावर सातशे वर्षांहून अधिक काळ वाद झालेला आहे. मात्र हे साम्य एका मर्यादेपर्यंतच ताणावे. तक्त्यांची भाषाही पुढे तिच्या जाणकारांचा एक वर्ग निर्माण करून मोकळी झाली.

पुढची हकिगत सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ आणि बर्कलीच्या विद्यापीठात स्टोनब्रेकर व वाँग यांच्या नेतृत्वाखाली ‘इंग्रेस’ या प्रायोगिक प्रणाली उभ्या राहिल्या. चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडलेल्या पृच्छाभाषेचे नाव पुढे एसक्यूएल असे झाले. १९७९ साली ऑरॅकल बाजारात आले, १९८१ साली कॉड यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, १९८६ साली एसक्यूएल अमेरिकेत प्रमाणभाषा ठरली.

त्यापेक्षा पराभूत कथनाचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. ते नष्ट झाले नाही, जमिनीखाली गेले. तक्त्याच्या ओळी तबकडीवर कोठेतरी ठेवाव्याच लागतात. ठरावीक आकाराच्या ‘पानां’त, जागा असेल तेथे, त्या टाकल्या जातात, आणि त्यांच्याकडे नेणाऱ्या सूची वेगळ्या ठेवल्या जातात. या सूचींची रचना बायर आणि मॅक्रेट यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘बी-ट्री’ नावाच्या वृक्षाची असते : मुळापाशी काही थोडी नावे, प्रत्येक दोन नावांच्या मधून खाली जाणारी एक फांदी, आणि तीन-चार पायऱ्यांत कोट्यवधी नोंदींपैकी हवी ती. वाचकाने वाक्य उच्चारले की कोणत्या सूचीतून शिरावे, कोणता तक्ता आधी वाचावा, हे प्रणालीच ठरवते. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘सिस्टिम आर’साठी अशा पर्यायी वाटांचा खर्च अजमावून स्वस्त वाट निवडण्याची रीत वर्णिली. म्हणजे बाकमन यांचा नावाडी तेथे आहेच. केवळ त्याचे निवेदन आता कोणी ऐकत नाही.

कथन आणखी एका जागी उरले आहे. तक्ता फक्त वर्तमान जाणतो. जुना पत्ता खोडून नवा लिहिला की जुना राहिलाच नाही. पण मध्येच वीज गेली, अर्धवट बदल झाला, तर सावरावे कसे? यासाठी प्रत्येक बदल तक्त्यात करण्याआधी तो एका क्रमवार बाडात लिहिला जातो. मराठी हिशेबनिसांच्या भाषेत सांगावयाचे तर तक्ता ही खतावणी आणि हे बाड म्हणजे रोजकीर्द. खतावणी रकान्यांनी चालते, रोजकीर्द दिवसांनी. देवघेवीच्या व्यवहारांचे शास्त्र रचणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८१ च्या एका निबंधात जागच्या जागी खोडून लिहिण्याच्या रीतीबद्दल शंका घेताना जुन्या हिशेबनिसांचाच दाखला दिला होता : चांगला हिशेबनीस खोडत नाही, चूक दुरुस्त करणारी नवी नोंद करतो. आपल्या दफ्तरखान्यांतील कारकुनांना हे सांगावे लागले नसते.

४

येथे एक विसंगती नोंदवून पुढे जावे. बार्त यांचा ‘एस/झेड’ हा ग्रंथ आणि कॉड यांचा निबंध दोन्ही १९७० चे. दोहोंत संहितेचे तुकडे आहेत, दोहोंत वाचकाला अधिकार दिलेला आहे. या योगायोगावर इमारत उभारण्याचा मोह टाळलेला बरा. दोघांना परस्परांची वार्ताही असण्याचे कारण नव्हते. परंतु वीस वर्षांनी जॉर्ज लँडो यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात बार्त आणि संगणक यांची सांगड घातली तेव्हा ती हायपरटेक्स्टशी घातली. हायपरटेक्स्ट म्हणजे दुवे, वाटा, एका खंडातून दुसऱ्या खंडात उडी. नोंदीत नोंदीचा पत्ता. म्हणजे संगणकशास्त्राने जे प्रारूप मागे टाकले होते त्याच बाकमनच्या जाळ्याला साहित्यसिद्धान्ताने वाचकाच्या मुक्तीचे प्रतीक मानले. कॉड यांच्या दृष्टीने वाटांचे जाळे हे वाचकाचे स्वातंत्र्य नव्हे. वाटा आधीच कोणीतरी आखलेल्या असतात. कोणाचे खरे, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २००० नंतरच्या दशकात गूगल, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्यांनी तक्त्यांची शिस्त सैल करणाऱ्या साठवणी आणल्या, आणि वृक्ष व जाळे या दोन्ही आकृती नव्या नावांनी परत आल्या.

५

आता कोऱ्या जागेकडे वळू.

विल्यम केंट यांचे ‘डेटा अँड रिॲलिटी’ हे १९७८ चे पुस्तक साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून वाचावे असे आहे. लेखक आयबीएममधील तंत्रज्ञ; विषय, नोंद कशाची करावयाची. ग्रंथालयात ‘पुस्तक’ म्हणजे काय, हा त्यांचा एक प्रश्न. शीर्षक एक, प्रती पाच. मग पुस्तके किती? आणि एका शीर्षकाचे दोन खंड असतील तर? मोजणाऱ्याने आधी ठरवल्याशिवाय ‘एक’ ही संख्या अस्तित्वात येत नाही. संहितासमीक्षेला हा प्रश्न नवा नाही, पण तिला त्याचे उत्तर तळटीपेत देता येते. तक्त्याला तळटीप नाही. त्याला स्तंभ आहेत, आणि प्रत्येक ओळीने प्रत्येक स्तंभाला काहीतरी उत्तर दिले पाहिजे.

उत्तर नसेल तर? कॉड यांनी १९७० च्या दशकात यासाठी ‘नल्’ ही खूण सुचवली. ती शून्य नव्हे, कोरी अक्षरमालाही नव्हे. येथे मूल्य नाही, एवढेच ती सांगते. परिणामी विधानाला सत्य आणि असत्य यांखेरीज तिसरी अवस्था आली : अज्ञात. पुढे कॉड यांनी स्वतःच या खुणेचे दोन प्रकार करावेत असा आग्रह धरला. एक, मूल्य आहे पण आपल्याला ठाऊक नाही. दुसरा, येथे मूल्य असूच शकत नाही. त्यांचे सहकारी आणि भाष्यकार सी. जे. डेट यांना ही संपूर्ण कल्पनाच तर्कदुष्ट वाटत होती, आणि दोघांचा हा मतभेद अखेरपर्यंत राहिला. एसक्यूएलने दोघांचेही ऐकले नाही. तिने खूण ठेवली आणि ती एकच ठेवली.

याचा आपल्याशी संबंध काय, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. मध्ययुगीन मराठी रचनांचा एक तक्ता करावा. त्यात ‘कर्ता’ असा एक स्तंभ ठेवावा. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या आणि इतर नाम्यांच्या रचना मिसळल्या आहेत हे अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव एक की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. भाऊसाहेबांच्या बखरीच्या कर्तृत्वाबद्दल मतभेद आहेत. जेथे निर्णय करता येत नाही तेथे प्रामाणिक संकलक स्तंभ मोकळा सोडील. आता त्या तक्त्याला विचारावे : ज्यांचा कर्ता नामदेव आहे अशा रचना दाखव. मोकळ्या ओळी येणार नाहीत. ते योग्यच आहे. मग विचारावे : ज्यांचा कर्ता नामदेव नाही अशा रचना दाखव. मोकळ्या ओळी याही वेळी येणार नाहीत. कारण ‘अज्ञात हा नामदेव नाही’ हे विधान सत्य नाही आणि असत्यही नाही. आणि तक्ता फक्त सत्य विधानांना दाराबाहेर सोडतो. प्रश्न आणि त्याचा नकार, दोहोंची बेरीज केली तरी संग्रह पूर्ण होत नाही. अनाम रचना दोन्ही याद्यांतून गळतात, आणि गळल्याची कोठेही खूण राहत नाही. ‘ज्यांचा कर्ता मोकळा आहे’ असे वेगळे विचारले तरच त्या समोर येतात. पण असे विचारण्यासाठी त्या आहेत हे आधी ठाऊक असावे लागते. हस्तलिखित सूचीत ‘अज्ञातकर्तृक’ या शीर्षकाखाली त्या निदान एकत्र उभ्या असत. पाने चाळणाऱ्याच्या नजरेला त्या न शोधताही सापडत.

हा प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणाचा दोष आहे, असे उत्तर देता येईल, आणि ते अंशतः खरे आहे. पण संकलकाने दक्षता घेऊन ‘अज्ञात’ असा शब्द स्तंभात भरला की ‘अज्ञात’ नावाचा एक ग्रंथकार जन्मास येतो, आणि साहित्याच्या इतिहासातील सर्वांत बहुप्रसव लेखक ठरतो. तक्त्याच्या व्याकरणात ‘कर्ता’ ही जागा एकदा निर्माण केली, की ती प्रत्येक ओळीला लागू होते. रोमँटिक काळाने घडवलेली लेखकाची कल्पना समीक्षेच्या दारातून बाहेर काढावी आणि ती स्तंभाच्या शीर्षकातून पुन्हा आत यावी, असे हे होते.

म्हणूनच जात्यावरच्या ओव्यांचा संगणकीय संग्रह मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. पुण्यातील सामाजिक शास्त्रांच्या संशोधन केंद्राच्या माध्यमातून हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत जाऊन ओव्या मिळवल्या; १९९० च्या दशकात फ्रेंच संगीतसंशोधक बर्नार बेल यांनी त्यांचा डेटाबेस रचला. आज त्यात हजारावर गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या क्रमाक्रमाने लोकांसमोर आणल्या आहेत. नोंदीत ओवीचा क्रमांक आहे, गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. कवयित्री असा स्तंभ नाही. कॉड यांच्या परिभाषेत बोलायचे तर ओवीच्या बाबतीत कर्त्याची जागा दुसऱ्या प्रकारची आहे : मूल्य हरवलेले नाही, ते लागूच नाही. जनाबाईच्या नावावरील एखाद्या अभंगाची कर्ती कोण, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न आहे. तेथे शोध संपलेला नाही. मुळशीतील एखाद्या बाईने आईकडून ऐकलेली आणि स्वतःच्या भावाचे नाव घालून गायलेली ओवी कोणाची, हा प्रश्न शोधाने सुटणारा नाही. दोन्हीकडे एकच खूण करणारी भाषा या दोन वाङ्मयप्रकारांतील भेद पुसून टाकते. संकलकांनी तो स्तंभच न ठेवता ‘गायिका’ हा स्तंभ ठेवला, यात लोकसाहित्याची एक संपूर्ण मीमांसा आहे.

वर्गीकरण मात्र वृक्षाचे आहे. प्रत्येक ओवीला अक्षर, रोमन आकडा आणि पोटक्रमांक मिळून झालेला एक वर्गसंकेत लावलेला असतो. सीतेच्या ओव्यांची एक शाखा, आंबेडकरांवरच्या ओव्यांची दुसरी. पंढरीच्या वाटेवर आईची आठवण काढणारी ओवी आईच्या फांदीवर बसवावी की विठ्ठलाच्या, हा पेच अपोलोच्या खिळ्याचाच आहे. त्यासाठी संकलकांनी एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे निर्देश देण्याची जुनी रीत वापरलेली दिसते, चिठ्ठ्यांच्या खणांत असते तशी. दळणाऱ्या बाईच्या गळ्यात मात्र या ओव्या अशा सुट्या नव्हत्या. सीता झाली की माहेर, माहेर झाले की भाऊ, भावामागून पंढरी, असा एका पहाटेचा ओघ असतो; कोणती ओवी कोणत्या ओवीनंतर आली ही माहिती तिची स्वतःची आहे, आणि कॉड यांच्या तक्त्याला ओळींचा क्रम ठाऊक नसतो. तो टिकवावयाचा तर त्यासाठी वेगळा स्तंभ लागतो : या सकाळी ही ओवी कितवी.